उलट्या पावलांचा दोर

आता जे सांगायचं आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवलाच, तर तो माणूस दोर विकत घ्यायला आलेला असणार. कारण आबांकडून दोर घ्यायचा म्हणजे आधी त्यांची गोष्ट खरी मानायची, मग दोराला हात लावायचा, अशी त्या घराची रीतच होती.

गावाच्या कडेला, झाडांच्या दुहेरी रांगेत दोरवाल्यांची ती लांबच लांब वाट होती. एका टोकाला लाकडी चाक, आणि तिथून सरळ दोनशे हात पायवाट. दर दहा हातांवर सुताला टेकण म्हणून एक खुंट, असे वीस खुंट. आबा चाकाशी बसून मूठ फिरवायचे. त्यांचा थोरला मुलगा विंचरलेल्या वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, वेढा कमरेला गुंडाळायचा, त्यातली चार बोटं वाख ओढून चाकाच्या आकड्याला अडकवायचा आणि उलट्या पावली चालू लागायचा. चाक पीळ देणार, बोटं वाख सोडणार, पाय मागं मागं जाणार. विसाव्या खुंटाशी पोचला की वेढा संपलेला आणि सूत तयार. या घरातल्या माणसांनी जन्मभरात पुढं जेवढी वाट चालली त्याच्या दसपट मागं चालली होती.

चाकाबरोबर आबांची जीभही फिरायची.

"माझ्या आज्यानं वळलेला विहिरीचा नाडा होता," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "त्याला धरून बैल विहिरीतून वर आला. एकटा. खुरानं गाठ मारून."

"खोटं!" खिळ्यांच्या फणीवर वाख विंचरत बसलेली सून, थोरल्याची बायको, मान वर न करता म्हणायची.

"शेपटीला कासव होतं."

"तेही खोटं!"

तिचं हे 'खोटं' आबांना पानातल्या चुन्यासारखं होतं. त्याशिवाय गोष्ट रंगायची नाही.

त्या उन्हाळ्यात विहिरी खाली खाली निघाल्या होत्या. ज्यांना पन्नास हाताचा नाडा पुरायचा ते सत्तर मागत होते, सत्तरवाले शंभर. पोहरा तळाला टेकेना, म्हणून माणसं सकाळपासून दारात. पाणी आटलं तसं दोरवाल्यांच्या कामाला भरती आली होती. आणि नेमक्या याच वेळी धाकटा मुलगा भांडून निघून गेला. "नायलॉनच्या जमान्यात तुम्ही उलटे चालता," एवढं बोलून तो शहरातल्या नायलॉनच्या दुकानात कामाला लागला. चाकाला आकडे दोन, कातणारा एक. दुसरा आकडा रिकामाच गरगरत राहिला.

पण घराला खरी टोचणी धाकट्याची नव्हती. ती मुंगीची होती.

मुंगी ही थोरल्याची मुलगी, वय वर्षं दहा. जन्मली तेव्हा मुठीएवढी आणि ओल्या फडक्यासारखी लुळी. दूध ओढायचीसुद्धा ताकद नव्हती. आईनं कापसाच्या वातीनं थेंब थेंब पाजून जगवली. म्हणून आबांनी नाव ठेवलं मुंगी. तिसऱ्या वर्षी पोर एकाएकी खाऊ लागली तेव्हा घराला कोण आनंद! आबांनी गावभर साखर वाटली. पण पोर खातच राहिली. भात संपला की पातेलं, पातेलं संपलं की कच्चं पीठ, एकदा तर गुरांच्या घमेल्यातला कोंडा. पुढं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा जन्मतःचाच विकार आहे. पोट भरल्याचा निरोप पोटाकडून निघतो, पण हिच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. एवढं शेवटचं वाक्य ऐकून सून दवाखान्याच्या पायरीवर बसून घटकाभर रडली होती.

तेव्हापासून घरातलं सगळं अन्न एका ट्रंकेत होतं आणि ट्रंकेची किल्ली सुनेच्या गळ्यात. दिवसातून पाच वेळा, त्याच वाटीनं, ठरल्या वेळी. मुंगी बोलायची थोडकं, दिवसाला दहा-बारा शब्द, पण मोजायला पक्की. वाटीत काकडीच्या सातऐवजी सहा चकत्या आल्या तर "सात" म्हणून हटून बसायची. आणि बोटांना चैन नसायचं. दंडावरच्या खपल्या उकरून उकरून हात रक्ताळलेले असायचे.

गावाला हे कोणी समजवावं? पिठाच्या गिरणीवाली काकू तर उघड म्हणायची, "घरात मुंगी नाव ठेवायचं आणि साखर कुलपात! चांगली गुटगुटीत पोर आहे, नजर लावताय तुम्हीच." आणि सुनेची पाठ वळली की मुंगीच्या हातात गुळाचा खडा. काकूच्या मनात पाप नव्हतं. पाप असतं तर भांडता तरी आलं असतं.

उन्हाळा लागताना नर्सबाईंची जीप आली. दर तीन महिन्यांनी ती गिरणीच्या ओसरीवर काटा मांडायची. मुंगी चढली, काटा पन्नासवर थांबला.

"ताई, नीट ऐका," नर्सबाई सुनेला म्हणाल्या. "उपाशी मारायचं नाही. उतरवलंच पाहिजे असंही नाही. वाढतं वय आहे, उंची वाढू दे आणि वजन इथंच धरून ठेवा, पोर आपोआप हलकी होते. पण झोपेत हिचा श्वास अडकतोय, गुडघे बाहेर फेकलेत. पुढच्या खेपेला काटा पन्नासच्या वर गेला तर मला चिठ्ठी लिहावी लागेल."

"कसली?"

"शहरात अशा मुलांचं निवासी केंद्र आहे. सहा महिने ठेवतात. चांगलं आहे हो."

"आणि आई?"

"महिन्यातून एकदा भेट."

सुनेनं किल्ली मुठीत धरली. मुंगीनं आईच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "काकडी?" तिला ती वेळ बरोबर कळायची.

"रोज चालवा तिला," नर्सबाई जाता जाता म्हणाल्या.

चालवा! सांगणाऱ्याचं काय जातं. मुंगी दहा पावलं चालायची आणि बसायची. बसली की बसली, डोंगराला कोण उठवणार? थोरल्यानं हात धरून पाहिलं. आबांनी त्यांच्या परीनं पाहिलं.

"त्या झाडामागं हत्ती उभा आहे बघ. निळा."

"खोटं," सून म्हणाली.

मुंगीनं झाडाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं आणि होती तिथंच मांडी घातली.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी थोरला कातत मागं मागं गेला होता, आबा चाकाशी, आणि मुंगी खुंटाशी बसून दंडाची खपली उकरत होती. वर खिळ्याला धाकट्याचा वेढा टांगलेला होता, जाताना टाकून गेला होता तसाच. मुंगी उठली. तिनं तो वेढा काढला, बापासारखा कमरेभोवती फिरवला, शेवट मागं खोचला आणि बोटांनी पुढून वाख उकरायला लागली. ज्या बोटांनी खपली उकरायची त्याच बोटांनी, त्याच नेटानं.

आबांना चेष्टा सुचली. त्यांनी तिच्या बोटांतला वाख ओढून रिकाम्या आकड्याला अडकवला आणि मूठ फिरवली.

सूत पिळलं. मुंगीच्या हाताला ओढ लागली तशी ती दचकली. मग एक पाऊल मागं गेली. बोटांनी आणखी वाख सोडला. आणखी एक पाऊल. तिसरं. दहावं! पहिला खुंट मागं पडला, दुसरा मागं पडला. आबांची जीभ जन्मात पहिल्यांदा टाळ्याला चिकटली. हात मात्र थांबवायची त्यांची छाती होईना. चाक थांबलं तर पोर थांबेल!

"सूनबाई!" शेवटी ते ओरडले. "अगं, पोर चालतेय! उलटी!"

"खोटं," सून फणीवरून म्हणाली.

"अगं, आज तरी मान वर कर!"

तिनं मान वर केली आणि फणीवरचा वाख तिच्या हातातून सुटला. मुंगी आठव्या खुंटाशी होती. घाम निथळत होता, तोंड उघडं, डोळे सुतावर. थोरला विसाव्या खुंटाशी श्वास धरून उभा होता, जणू फुलपाखरू त्याच्याकडं पाठीनं येत होतं. ती त्याला येऊन धडकली तेव्हा म्हणाली, "वीस."

ते पहिलं सूत काय वर्णावं? अजगरानं ओळीनं उंदीर गिळावेत तसं, जागोजाग गाठी. आबांनी ते कुणाला विकलं नाही, दाराला बांधून ठेवलं.

परत चाकाशी यायचं म्हणजे सरळ चालायचं. मुंगी बसली. आबांनी डोकं लढवलं. तिचं तोंड विसाव्या खुंटाकडं फिरवलं, पाठ चाकाकडं. "आता मागं." आणि गेली की ती! वीस खुंट उलटी, परत वीस खुंट उलटी.

पहिल्या दिवशी तीन फेऱ्या, पंधरवड्यानं सात, महिन्यानं चौदा. हात सुतात गुंतलेले, त्यामुळं काकू कुंपणाशी गूळ घेऊन उभी राहिली तरी घ्यायचा कशानं? दंडावरच्या खपल्या पहिल्यांदाच वाळून पडल्या. सूत तर असं एकसारखं निघू लागलं की शंभर हातांच्या नाड्यासाठी आलेली माणसं बोट फिरवून विचारायची, "हे कुणाचं?" भुकेत फरक नव्हता, ट्रंक अजून ती रोज हुंगायची. रडायची, आपटायची. एकदा किल्लीसाठी आईच्या गळ्याला तिनं ओरखडे काढले आणि मग त्याच ओरखड्यांवर दिवसभर फुंकर घातली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा पीळ जाणारा नव्हताच. पण दिवस सरत होते, आणि सून दर सकाळी पोरीच्या फ्रॉकची शिवण बोटानं चाचपून बघायची. उसवली नाही. आजही नाही.

तीन महिने भरले त्या दिवशी जीप लवकर आली. मुंगीनं तिसऱ्या फेरीसाठी नुकताच वेढा बांधला होता. हॉर्न ऐकून सुनेनं तिच्या अंगावर बाहेर जायचा सैल फ्रॉक घातला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला, आबांनी टोपी घातली आणि तिघं निघाली. मुंगी अर्थातच उलटी, घराकडं तोंड करून. गल्लीतली पोरं मागं लागली. गिरणीच्या ओसरीवर अर्धं गाव जमलं होतं, काकू सगळ्यांत पुढं.

मुंगी काट्यावर चढली. नर्सबाई वाकल्या. पुन्हा वाकल्या.

"एक्कावन्न किलो चारशे."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"उंचीत दोन बोटं वाढली आहे, पण..." नर्सबाईंनी चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं. "ताई, मलाही बरं वाटत नाही. पण केंद्रातली जागा आज नाही कळवली तर जाते."

"मी म्हणतच होते," काकू म्हणाली, "देव देतो ते कुलपात राहतं का?"

सून पायरीवर बसली. तिनं गळ्यातली किल्ली काढून मांडीवर ठेवली, जसं काही आता तिचं कामच उरलं नव्हतं. जीपचं मागचं चाक पंक्चर होतं. ड्रायव्हरनं जॅक लावून ते उचललं होतं आणि तो भोक शोधत ते हातानं फिरवत होता. आबा त्या फिरणाऱ्या चाकाकडं नुसते बघत होते. त्यांना एकही गोष्ट सुचत नव्हती.

एवढ्यात थोरला धापा टाकत आला, आणि आला तो भांडतच.

"आबा, गिऱ्हाईक खोळंबलंय! सकाळी जोखून ठेवलेला वेढा कुठं घातलात? एक किलो नऊशेचा! घर पालथं घातलं, वेढ्याचा पत्ता नाही!"

आबांनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं आबांकडं. मग दोघांनी मिळून मुंगीकडं पाहिलं. ती काट्याशेजारी उभी होती, आणि तिची दोन बोटं फ्रॉकच्या गळ्यातून आत जाऊन काहीतरी उकरत होती. वाखाची एक सोनेरी बट बाहेर डोकावली.

दुसऱ्या कुठल्याही घरात ही चूक झाली नसती. पण दोरवाल्यांच्या घरात कमरेचा वेढा म्हणजे कानासारखा. माणसाला कान आहेत का हे कोण बघतो? आईनं स्वतःच्या हातानं त्यावरून फ्रॉक ओढला होता आणि हाताला तो लागलाच नव्हता!

"नर्सबाई!" सून उठली ती किल्ली मांडीवरून उडाली. "वजन वाखाचं आहे! पोरीचं नाही!"

"एक किलो नऊशे वजा करा," थोरला म्हणाला. "काट्यावर जोखलाय मी."

नर्सबाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, वजा करून लिहिता येत नाही मला. काटा दाखवेल तेच लिहायचं. सोडा तो वेढा आणि चढवा तिला."

सोडा! सुनेनं हात घातला मात्र, मुंगीनं किंकाळी फोडली. वेढा दोन्ही हातांनी आवळून ती खाली बसली. बांधलेला वेढा विसाव्या खुंटाशीच सुटतो, मध्ये सुटत नाही, हे तिनं तीन महिने पाहिलं होतं आणि तिच्या हिशेबी तो जगाचा कायदा होता. थोरल्यानं समजावलं. काकू गूळ घेऊन धावली, तिला सुनेनं असं काही बघितलं की ती गुळासकट मागं फिरली.

"चाक झालं," ड्रायव्हर म्हणाला. "दहा मिनिटांत निघू बाई, पुढची दोन गावं आहेत."

"थांब!" आबा ओरडले. "ते चाक खाली घेऊ नकोस!"

म्हातारा सत्तरीचा, पण उडी मारली ती पोराला लाजवणारी. उचललेल्या चाकाशी ते उकिडवे बसले, मुंगीच्या गळ्यातून डोकावणारी बट ओढली, चाकाच्या मधल्या नटाला अडकवली आणि दोन्ही हातांनी टायर फिरवलं.

"मुंगे! मागं!"

सूत पिळलं. मुंगीचं रडं अर्ध्यातच थांबलं. तिनं आकडा शोधला, आकडा नव्हता, पण पीळ तोच होता. ती उठली. सुनेनं फ्रॉकची पुढची बटणं काढली, बोटं मोकळी झाली. एक पाऊल मागं.

"गल्ली मोकळी करा!" थोरला पुढं धावला. "सायकल काढा! ती बादली काढा! काकू, बकरी!"

काय ती गल्ली! लोक भिंतींना चिकटले. माणसं ओट्यांवर चढली, कुणी कुत्रं बगलेत धरलं. मधून मुंगी पाठमोरी निघाली, आणि जीपपासून सूत लांबत चाललं, ताठ, सरळ. खुंट नव्हते म्हणून गल्लीतली पोरं दर दहा हातांवर हात वर करून उभी राहिली, सूत त्यांच्या तळव्यांवर टेकत गेलं. मुंगी मोजत होती. आज तिचा आवाज मोठा होता. "चार!" दारं मागं पडली. "नऊ!" आबांच्या बोटांना टायरचं रबर भाजत होतं. ड्रायव्हरनं बाही वर केली आणि दुसऱ्या बाजूनं चाकाला हात लावला.

बाराव्या पोराशी काकूचं घर. ती धावत आडवाटेनं तिथं पोचली होती, आणि सवयीनं म्हणा, मायेनं म्हणा, तिनं गुळाचा खडा पुढं केला, थेट मुंगीच्या तोंडासमोर. मुंगीच्या नाकपुड्या फुलल्या. तोंड उघडलं. ते उघडं तोंड, ते गुळावर खिळलेले डोळे, आणि खाली पाय. पाय मागंच जात राहिले! तोंड उघडं ठेवून मुंगी काकूसमोरून हळूहळू लांब गेली, धक्क्याला लावलेली होडी सुटावी तशी. "तेरा," ती म्हणाली, आणि त्यासाठी तिला तोंड मिटावं लागलं.

काकू खडा धरून तशीच उभी राहिली. मग तिनं तो स्वतःच्या तोंडात टाकला आणि हात वर करून चौदाव्या पोराच्या जागी जाऊन उभी राहिली.

"वीस!"

वेढ्याचा शेवटचा वाख कमरेतून निसटला. सगळ्या गल्लीनं आरोळी ठोकली. आता परत. मुंगीनं स्वतःच पाठ फिरवली, घाई घाई उलटी आली आणि कोणी न सांगता काट्यावर पाठमोरीच चढली.

नर्सबाई वाकल्या. गल्लीनं श्वास धरला.

"एकोणपन्नास किलो पाचशे."

नर्सबाईंनी चिठ्ठी फाडली. तिचे चार तुकडे केले आणि ते कुठं टाकावेत न कळून पर्समध्ये ठेवले. सुनेनं पायरीखालची किल्ली शोधून पुन्हा गळ्यात घातली. मग मुंगीच्या मोकळ्या कमरेला मिठी मारली आणि तिथंच तोंड खुपसून हसली, रडली, कोण जाणे. मुंगीनं ऊन कुठवर आलं ते पाहिलं आणि विचारलं, "काकडी?"

"सात," आई म्हणाली. "सात चकत्या."

दुसऱ्या दिवशी दोरवाल्यांच्या दारात ही गर्दी. नाडे राहिले बाजूला, सगळ्यांना आबांकडून ऐकायचं होतं. जे गल्लीत हात वर करून उभे होते तेसुद्धा ऐकायला आले होते. सून फणीवर वाख विंचरत होती आणि आज तिनं ठरवलं होतं, काहीही म्हणू देत, टोकायचं नाही. हा दिवस म्हाताऱ्याचा.

"तर जीप सुटली!" आबा मूठ फिरवत म्हणाले. "आणि सूत अडकलेलं! जीप पुढं, आमची मुंगी मागं, सात गावं पालथी घातली."

सून गप्प.

"वाटेत सात विहिरींना नाडे पुरवले. फुकट!"

सून गप्प. आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडं पाहिलं. चुन्याशिवाय पान काही रंगेना. त्यांनी आवाज चढवला.

"आणि परत येऊन काट्यावर उभी केली, तर पोर किती उतरलेली असावी? पंधरा किलो! एका दिवसात पंधरा!"

लोकांनी सुनेकडं पाहिलं. ती खालचा ओठ दातांत धरून वाख विंचरत राहिली. मुंगी उलट्या पावलांनी चौथा खुंट ओलांडत होती. सुतावरची नजर तिनं काढली नाही, बोटं थांबवली नाहीत, पायही नाहीत.

"खोटं," ती म्हणाली. "अर्धा."